सव्वा महिन्याचं रडणं

बाळ पाच आठवड्यांचं आहे. सकाळी मालिश झाली, अंघोळ झाली, दुपारी छान झोप झाली. अंगावर नीट पितंय, दिवसातून सहा-सात वेळा लंगोट ओला होतोय, वजनही वाढतंय. आणि दिवेलागण झाली की ते रडायला लागतं. साधं भुकेचं रडणं नव्हे. चेहरा लालबुंद, मुठी आवळलेल्या, गुडघे पोटाशी घेतलेले, पोट टणक, मधूनच वायू सरतो. पाजायला घ्यावं तर दोन घोट घेऊन तोंड फिरवतं. उभं धरा, आडवं धरा, पाळण्यात घाला, काही लागू पडत नाही. साडेनऊ-दहाच्या सुमारास ते आपोआप थांबतं, झोपतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा सुरू होतं.

मुळशी तालुक्यातल्या महाळुंग्यात (चाकणजवळचं महाळुंगे वेगळं) हे रडणं दोन प्रकारच्या घरांतून ऐकू येतं. मुळेकाठचं हे गाव २०२१ साली पुणे महापालिकेत आलं. एका बाजूला बालेवाडीचं क्रीडासंकुल, दुसरीकडे हिंजवडी, मध्ये जुनं गावठाण आणि त्याला वेढून उभे राहिलेले उंच टॉवर. गावठाणातल्या घरात आजी म्हणते, दृष्ट लागली, मीठ-मोहऱ्या आणा. टॉवरच्या अठराव्या मजल्यावर लेकीच्या बाळंतपणासाठी लातूरहून आलेली आजी म्हणते, पोटात गॅस धरलाय, ग्राइप वॉटर द्या. तिचा जावई मोबाईलवर शोधतो आणि ‘कॉलिक’ हा शब्द वाचून दाखवतो. तिघांचं निदान वेगळं, पण बाकीचं घर बाळाच्या पोटाकडेच बघत असतं. हे बघणं कितपत बरोबर आहे?

तीनचा नियम

अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात मॉरिस वेसेल नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ साली एक मोजमाप सुचवलं: बाळ एरवी धडधाकट आहे, वजन वाढतंय, आणि तरीही दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यातून तीनपेक्षा जास्त दिवस, असं तीन आठवड्यांहून अधिक काळ रडतंय, तर त्याला कॉलिक म्हणावं. लक्षात ठेवायला सोपा म्हणून हा नियम पाठ्यपुस्तकांत टिकला. मात्र व्यवहारात तो तोकडा पडतो. तीन आठवडे घड्याळ लावून बसायला कुठल्या आईला जमणार? आणि पावणेतीन तास रडणाऱ्या बाळाच्या घरी काय सुख असतं? म्हणून २०१६ साली पोटाच्या विकारांवरच्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने तासांची अट दवाखान्यातल्या निदानापुरती काढून टाकली. आता साधारण असं पाहिलं जातं: वय पाच महिन्यांच्या आत, उघड कारण न दिसता वारंवार दीर्घकाळ रडणं, घरच्यांना ते थांबवता न येणं, आणि ताप, आजार किंवा वाढ खुंटल्याची कुठलीही खूण नसणं.

म्हणजे कॉलिक हे एखाद्या रोगाचं नाव नाही. बाकी सगळं ठीक आहे ना हे तपासून झाल्यावर उरलेल्या रडण्याला दिलेलं ते नाव आहे. त्यामुळे फोनवर किंवा शेजारणीच्या अनुभवावरून ते ठरवू नये. बाळाला एकदा उघडं करून, डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत डॉक्टरांनी पाहिलेलं असावं.

रडण्यालाही वय असतं

या रडण्याबद्दलची सर्वांत बोलकी गोष्ट पोटात सापडली नाही, आयांनी ठेवलेल्या वह्यांत सापडली. टी. बेरी ब्राझल्टन या अमेरिकी बालरोगतज्ज्ञांनी ८० आयांना बाळाच्या रडण्याची रोजची नोंद ठेवायला सांगितली आणि १९६२ मध्ये त्या नोंदी मांडल्या. ही निवडून काढलेली रडकी बाळं नव्हती, चारचौघांसारखीच होती. दुसऱ्या आठवड्यात रडणं दिवसाला पावणेदोन तासांच्या आसपास, सहाव्या आठवड्यात पावणेतीन तास, आणि मग उतरत उतरत बाराव्या आठवड्यापर्यंत तासाभराच्याही खाली. सर्वांत जास्त रडणं संध्याकाळचं.

पुढे वेगवेगळ्या देशांतले २८ अभ्यास एकत्र करून २०१७ साली साडेआठ हजारांहून अधिक बाळांचा हिशेब मांडला गेला. पहिल्या सहा आठवड्यांत रोज सरासरी दोन तास, दहा-बारा आठवड्यांपर्यंत ६८ मिनिटं. शिखर किती उंच हे देशागणिक थोडं बदललं, पण तिसऱ्या महिन्याच्या सुमाराला उतार आलाच. आफ्रिकेतल्या कालाहारी वाळवंटातले कुंग सान लोक बाळाला दिवसभर अंगावर बाळगतात आणि तासातून अनेक वेळा पाजतात. तिथेही रडण्याचं शिखर त्याच वयात आढळलं. फरक इतकाच की तिथल्या बाळांच्या रडण्याच्या फेऱ्या आखूड होत्या.

याहून महत्त्वाचा पुरावा अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा. दीड महिना आधी जन्मलेलं बाळ जन्मानंतर सहा आठवड्यांनी शिखर गाठत नाही. त्याचं शिखर मूळ प्रसूतीच्या तारखेपासून सहा आठवड्यांनी येतं. तोवर त्याला बाहेर येऊन, दूध पचवून तीन महिने झालेले असतात. दोष दुधाचा किंवा पचनाचाच असता, तर हिशेब दूध सुरू झाल्या दिवसापासून लागला असता. तो लागतो गर्भधारणेपासून. आणि त्या तारखेपासून नेमाने पुढे जाणारी गोष्ट म्हणजे मेंदूची आणि मज्जासंस्थेची वाढ.

आता हा सहावा आठवडा आपल्याकडच्या पंचांगात कुठे येतो ते बघा. सव्वा महिना पुरा होण्याचे हे दिवस. बाळंतीण खोलीबाहेर येते, देवदर्शनाला जाते, नातेवाईक बाळाला पाहायला येतात. त्याच संध्याकाळी बाळ आकांत करतं आणि ‘तरी म्हटलं होतं, बाहेर नेऊ नका’ हे वाक्य घरात फिरतं. सरकारी वेळापत्रकातली सहा आठवड्यांची लसही याच दिवसांतली, म्हणून कुठे लसीला बोल लागतो. लसीनंतर एक-दोन दिवस अंग गरम होणं, सुई टोचलेली मांडी दुखणं आणि त्यामुळे रडणं खरं आहे. पण आधी दोन आठवडे चढत आलेलं आणि नंतर दोन आठवडे रेंगाळणारं संध्याकाळचं रडणं लसीचं नव्हे. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाताईची नवजात-सेवेतली शेवटची ठरलेली भेटही ४२व्या दिवसाची असते. अभय आणि राणी बंग यांच्या गडचिरोलीतल्या कामातून उभी राहिलेली घरपोच नवजात-सेवेची पद्धत देशभर गेली, तिचाच हा भाग. योगायोगाने या भेटीला रडण्याच्या शिखराचा मुहूर्त मिळाला आहे. आशाताईने वजन-ताप बघता बघता ‘संध्याकाळी किती रडतं?’ एवढं विचारलं आणि पुढे काय होणार ते सांगितलं, तर अनेक घरांतला अर्धा धसका तिथेच उतरेल.

शिखर ज्याच्या वाट्याला येतं त्याला दोष, तसा उतार ज्याच्या वाट्याला येतो त्याला श्रेय. पहिलं बाळंतपण माहेरी आणि तिसऱ्या महिन्यात सासरी, ही आपली जुनी चाल. ‘आमच्याकडे आल्यावर कसं शहाणं झालं’ असं सासरचे म्हणतात, ते खोटं बोलत नसतात. बाळ खरोखरच त्याच सुमाराला शांत होतं. बाराव्या आठवड्यात बदललेलं औषध, बांधलेला ताईत, गाठलेला नवा डॉक्टर, सगळेच गुणकारी ठरतात.

मग ते पोट कशाला धरतं?

पाय पोटाशी, पोट कडक, वायू सरतोय. याहून स्पष्ट पुरावा काय हवा? पण एवढ्याशा बाळाला रडण्याची दुसरी तऱ्हाच माहीत नसते. मांडीत सुई टोचली तरी ते पाय आखडतं आणि पोटाचे स्नायू आवळतं. जोरात रडण्यासाठी पोटाचे स्नायू वापरावेच लागतात, म्हणून पोट टणक लागतं. रडताना ते घटाघटा हवा गिळतं, म्हणून पोट फुगतं. आणि आवळलेल्या पोटातून ती हवा बाहेर पडते, म्हणून आपल्याला वाटतं की गॅस होता, सुटला, बरं वाटलं. बहुतेक वेळा क्रम उलटा असतो: आधी रडणं, मग गॅस.

मूळ अडचण वेगळ्या जागी आहे. या वयात बाळाची जाग आणि संवेदना झपाट्याने वाढत असतात. आवाज, उजेड, स्पर्श, माणसं असं बरंच काही ते घेऊ लागतं. पण घेतलेलं पचवून स्वतःला शांत करण्याची मेंदूतली यंत्रणा मागे असते. गॅसवर ठेवलेलं दूध आठवा. कडेला बारीक बुडबुडे दिसत असताना आच कमी केली तर ते बसतं. एकदा वर चढलं की आच कमी करून भागत नाही. आणि मोठ्या माणसासारखी स्वतःची आच कमी करायची कळ तर बाळाच्या हाती अजून आलेलीच नाही. म्हणूनच एखाद्या फेरीत तुम्ही सगळं बरोबर केलंत तरी ते थांबत नाही. तो तुमच्या हातांचा दोष नाही.

संध्याकाळच का? दिवस-रात्रीची शारीरिक लय बाळात दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात आकार घेते. झोप आणणारं मेलाटोनिन हे संप्रेरक स्वतःच्या तालात तयार होऊ लागतं तेही तेव्हाच. त्याआधी दिवसभराचा ताण दिवेलागणीला वर येतो, असं अनुमान आहे. त्यात आपल्या घरांतली सर्वांत गजबजलेली वेळ नेमकी तीच: कुकरच्या शिट्ट्या, टीव्ही, दारावरची बेल, कामावरून आलेली माणसं, आणि प्रत्येकाला बाळ हवं असतं.

पोट अगदी निर्दोष आहे असंही नाही. कॉलिकच्या बाळांच्या आतड्यातले जीवाणू काहीसे वेगळे असतात असं अनेक अभ्यासांत दिसलं. लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी नावाच्या उपयोगी जीवाणूचे थेंब अंगावर पिणाऱ्या बाळांत रडणं काहीसं कमी करतात, असं इटलीतल्या आणि नंतरच्या चाचण्यांच्या एकत्रित हिशेबात आलं. पावडरच्या दुधावरच्या बाळांत तसा फायदा दिसला नाही. थोड्या बाळांना गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असते. पण ती बहुधा एकट्या रडण्यातून बोलत नाही. शीमध्ये रक्त किंवा चिकट आव, वारंवार उलट्या, अंगावर इसबासारखे चट्टे अशी सोबत असते. आणि एक कारण आपल्या भागात आवर्जून सांगायला हवं: तंबाखू. निकोटिन आईच्या दुधात उतरतं आणि गरोदरपणी निकोटिनच्या संपर्कात आलेल्या बाळांत कॉलिक जास्त आढळतं. सिगारेट ओढणारी आई गावाकडे क्वचित दिसेल. पण सकाळी दाताला मिश्री लावणाऱ्या बायकांना आपण तंबाखू सेवन करतो हे वाटतच नाही, आणि डॉक्टरही विचारत नाहीत.

बाळंतिणीच्या ताटावरची सेन्सॉरशिप

बाळ रडलं की पहिला छापा पडतो तो आईच्या ताटावर. वांगं नको, बटाटा नको, हरभऱ्याची डाळ नको, वाटाणा तर नाहीच, ‘वातूळ’ पदार्थ बाळाला बाधतात. गंमत अशी की वाटाण्याचा गॅस आईच्या मोठ्या आतड्यात, तिथल्या जीवाणूंनी न पचलेल्या भागाला आंबवल्यामुळे तयार होतो. दूध तयार होतं रक्तातून. आतड्यातला गॅस रक्तात शिरून, स्तनात जाऊन, दुधाबरोबर बाळाच्या पोटात पुन्हा फुगत नाही. अन्नातल्या प्रथिनांचे सूक्ष्म अंश, चहा-कॉफीतलं कॅफिन मात्र दुधात जातं. ॲलर्जीची लक्षणं असतील तर डॉक्टरांच्या सल्ल्याने आईने दोनेक आठवडे दूध-दुधाचे पदार्थ सोडून बघणं रास्त आहे. फरक पडला नाही तर ते पुन्हा सुरू करायचे. पण कसलीही खूण नसताना डाळी-भाज्या बंद करून बाळंतिणीला नुसत्या भाताच्या पेजेवर ठेवणं, हे मला सरळसरळ अन्याय वाटतं.

दुसरा संशय दुधाच्या पुरवठ्यावर. संध्याकाळी बाळ थोड्या थोड्या वेळाने ओढतं, सोडतं, पुन्हा मागतं. स्तन सकाळपेक्षा मऊ लागतात. लगेच निकाल लागतो: दूध पुरत नाही, वरचं सुरू करा. असं संध्याकाळचं लागोपाठ पिणं या वयात नेहमीचंच आहे. दूध पुरतंय की नाही हे रडण्यावरून ठरत नाही, ते लंगोट आणि वजनकाटा सांगतात: चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू, आणि या महिन्यांत रोज साधारण २० ते ३० ग्रॅमने वाढणारं वजन.

बाटली, सहाण आणि गोळी

ग्राइप वॉटर इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचे औषधविक्रेते विल्यम वुडवर्ड यांनी १८५१ साली बनवलं. त्यात शेपूचं तेल, खाण्याचा सोडा, साखर आणि चक्क मद्य होतं. आता त्यात मद्य नसतं. शेपू तर आपल्या ओळखीचीच; बाळंतिणीला जेवणानंतर चघळायला देतात त्या बाळंतशोपा म्हणजे शेपूचंच बी. मग ग्राइप वॉटर दिल्यावर बाळ क्षणात गप्प का होतं? गोडाचा थेंब जिभेवर पडला की लहान बाळ काही काळ शांत होतं, हे प्रयोगांत दिसलं आहे. परिणाम अर्ध्या तासाच्या आत ओसरतो. म्हणजे जादू बरीचशी गोडव्याची. गॅसचे बुडबुडे फोडणारे सिमेथिकोनचे थेंब आजकाल सर्रास दिले जातात. ते फारसे अपायकारक नाहीत, पण चाचण्यांमध्ये औषधाविना दिलेल्या थेंबांपेक्षा सरस ठरले नाहीत. पोटाची कळ थांबवणाऱ्या डायसायक्लोमिन या औषधाबद्दल मात्र ठाम राहावं. त्याने लहान बाळांचा श्वास अडखळल्याच्या घटना घडल्या असून सहा महिन्यांखालच्या बाळाला ते देऊ नये. घरात मोठ्या मुलासाठी आणलेली बाटली धाकट्याला चमचाभर, हा प्रकार इथे जिवावर बेतू शकतो.

बाळगुटीबद्दल बोलताना जरा जपून बोलावं लागतं, कारण ती नुसतं औषध नाही, आजीच्या हाताची माया आहे. सहाणेवर आईच्या दुधात मुरुडशेंग, हिरडा, जायफळ, वेखंड, सुंठ यांचे एकेक-दोनदोन वेढे उगाळायचे. मुरुडशेंगेचा पीळ पाहिला की पोटातला मुरडा कुणालाही आठवेल; तिची निवड त्या आकारामुळेच झाली असावी असा माझा कयास. अडचण मात्रेची आहे. वेढे मोजले तरी आज किती उगाळलं गेलं याला माप नाही. वेखंडात बीटा-असारोन नावाचा घातक घटक असतो. अमेरिकेत खाद्यपदार्थांत वेखंड वापरायला १९६८ पासून बंदी आहे. जायफळ जास्त झालं तर गुंगी आणतं. आणि गुंगीने गप्प झालेलं बाळ बरं झालं असं समजण्याची चूक सोपी आहे. सहाण ओलसर, हात घाईचे, यातून पोटात जंतू जातात ते वेगळेच. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही नको, हा नियम गुटीलाही लागू होतो. मध तर वर्षाच्या आत अजिबात नको. मधातल्या जंतूंच्या बीजांमुळे लहान बाळाला बोट्युलिझम हा अंग लुळं पाडणारा आजार होऊ शकतो.

गप्प करणं आणि बरं करणं यातला फरक मुंबईने फार महागात शिकला आहे. गेल्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत गिरणीत दहा-दहा तास उभ्या राहणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना अफूच्या ‘बाळगोळ्या’ देत. मूल झोपून राही, कमी पिई, खंगत जाई. १९२०च्या दशकातल्या पाहण्यांत आणि अहवालांत याच्या नोंदी आहेत. त्या बायकांना दुष्ट म्हणण्याचं कारण नाही. त्यांना पाळणाघर नव्हतं आणि रजा नव्हती. मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाला तापलेल्या विळ्याने चटके देण्याची प्रथा अजून पुरती गेलेली नाही. अशा बाळांना रुग्णालयात आणल्याच्या बातम्या अलीकडेही येतात. त्याच्या तुलनेत बेंबीभोवती हिंगाचा लेप अगदी निरुपद्रवी. पोटावर उबदार हात फिरल्याचा फायदा होत असेल, तो होऊ द्यावा. ओव्याच्या धुरीचा मात्र मोह नको. धूर तो धूरच, आणि तो एवढ्याशा फुप्फुसांत जातो.

काय करून बघावं

कुठलाही उपाय दर वेळी चालणार नाही हे आधी मान्य केलं की बरंच सोपं जातं. आधी भूक, ओला लंगोट, उकाडा, टोचणारी शिवण, एवढं बघून घ्यायचं. मग बाळाला छातीशी धरून चालायचं. जपानमधल्या रिकेन संस्थेच्या कुमी कुरोदा आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली दाखवलं की रडणाऱ्या बाळाला घेऊन न थांबता पाच मिनिटं सपाट चाललं तर बरीच बाळं शांत होतात, काही झोपतातही. झोपल्यावर लगेच खाली ठेवू नये, मांडीवर घेऊन पाच ते आठ मिनिटं बसावं आणि मग हळूच ठेवावं. मात्र आधी न चालता नुसतं घेऊन बसण्याने तसा परिणाम होत नाही. महाळुंग्याच्या टॉवरमधले लांब कॉरिडॉर याला उत्तम. काही बाप गाडीतून फेरी मारतात. गाडी चालू असते तोवर बाळ गप्प, सिग्नलला पुन्हा सुरू. हिंजवडीकडच्या वाहतुकीत या उपायाचं काय होईल ते सांगायला नको.

रडं सुरू होण्याआधीही दिवसभर बाळाला अंगावर जास्त बाळगणं उपयोगी पडतं. माँट्रियलमध्ये १९८६ साली झालेल्या प्रयोगात साध्या, निरोगी बाळांचं सहाव्या आठवड्यातलं रडणं त्यामुळे ४३ टक्क्यांनी कमी झालं. पण आधीच कॉलिकने रडणाऱ्या बाळांवर नंतर तोच प्रयोग केला तेव्हा तेवढा गुण आला नाही. म्हणून ‘उचलून घ्यायची सवय लागेल’ ही भीती बाळगू नये, आणि ‘आम्ही तर सारखं घेऊनच असतो’ म्हणणाऱ्यांनी स्वतःला अपराधीही समजू नये.

बाकी गोष्टी छोट्या छोट्या आहेत. पाजताना आणि नंतर उभं धरून ढेकर काढावी. दुपट्यात गुंडाळायचं तर हात आत, पण कमरेखाली सैल. पाय सरळ ताणून करकचून बांधले तर खुब्याचा सांधा नीट बसत नाही. बाळ कुशीवर वळायचा प्रयत्न करू लागलं की गुंडाळणं बंद. झोपवायचं ते पाठीवरच, पोटावर कधीही नाही. पंख्याचा किंवा स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्टचा एकसुरी आवाज काहींना मानवतो; मोबाईलवर तसा आवाज लावलात तर तो हळू आणि उशापासून लांब ठेवा. संध्याकाळी सहानंतर खोलीतला उजेड, टीव्ही आणि पाहुणे कमी करा. पाहुण्यांना सांगणं अवघड असतं हे मान्य. ते काम आजोबांकडे द्यावं.

चौकट: हे कॉलिक नव्हे, लगेच दवाखाना

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस (१००.४ फॅरनहाइट) किंवा जास्त ताप. हिरवी उलटी, किंवा दर वेळी लांब उडणारी उलटी. शीमध्ये रक्त. दूध न ओढणं, मरगळ, उठवूनही नीट न जागणं. नेहमीपेक्षा क्षीण किंवा चिरका आवाज. फुगलेली टाळू, झटके, धाप लागणं, ओठ निळसर. जांघेत किंवा अंडकोशापाशी घट्ट सूज. बाळाचे कपडे काढून पाहा: बाळंतिणीचे केस याच महिन्यांत गळतात आणि एखादा केस पायाच्या बोटाला किंवा शिश्नाला वेढून रक्त अडवू शकतो. रडणं अचानक सुरू झालं, आजवर कधी नव्हतं, किंवा चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर पहिल्यांदाच सुरू झालं, तर त्याला कॉलिक समजून थांबू नका.

रात्री आठची मीटिंग

या रडण्याने बाळाचं दूरगामी नुकसान होत नाही. धोका असतो तो भोवतीच्या माणसांच्या हातून. तीन तास कानाशी आकांत ऐकून मायाळू माणसाच्याही मनात भयंकर विचार येतो. बाळाला गदागदा हलवलं तर जड डोकं आणि दुबळी मान यांमुळे मेंदूभोवतीच्या नाजूक शिरा फाटतात. आंधळेपणा, अपंगत्व, मृत्यूही ओढवतो. कॅलिफोर्नियातल्या रुग्णालयांच्या नोंदींत अशा बाळांच्या वयाचा आलेख रडण्याच्या आलेखामागोमाग काही आठवड्यांनी चढतो. म्हणून संयम सुटतोय असं वाटलं की बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवा, दार लोटा आणि पाच-दहा मिनिटं बाल्कनीत जा. रडून बाळाला काही होणार नाही. बाळ झोपलेलं असतानाही आईला झोप येत नसेल, सतत रडू येत असेल, स्वतःबद्दल किंवा बाळाबद्दल वाईट विचार येत असतील, तर ते ‘बाळंतपणात होतंच’ म्हणून सोडू नका. बाळंतपणानंतरचं नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

खरा तुटवडा असतो हातांचा, आणि तो नेमका संध्याकाळी. हिंजवडीत काम करणाऱ्या घरांत अमेरिकेबरोबरच्या मीटिंगा रात्री साडेसात-आठला सुरू होतात. बाप आतल्या खोलीत माइक बंद करून बसलेला, आई आणि आजी बाहेर फेऱ्या घालताहेत. केंद्र सरकारी नोकरीतल्या बापाला १५ दिवसांची पितृत्व रजा असते आणि ती प्रसूतीपासून सहा महिन्यांच्या आत घेता येते. खासगी कंपन्यांत कंपनीगणिक वेगळी रीत. जवळजवळ सगळे ती रजा पहिल्या पंधरवड्यात संपवतात. तेव्हा घरात माणसांची रीघ असते आणि बाळ बराच वेळ झोपलेलं असतं. कंपनीचा नियम परवानगी देत असेल तर त्यातले आठ दिवस सहाव्या आठवड्यासाठी राखून ठेवावेत, बाळ आधी जन्मलं असेल तर मूळ तारखेपासून मोजून. रजा नसेलच, तर त्या दोन-तीन आठवड्यांपुरती रात्री आठची मीटिंग दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घालता येते का, ते मॅनेजरला बारशाच्या पेढ्यांबरोबरच विचारून ठेवावं.